प्रवेश मिळाला, पण तयारी झाली का? अकरावी-बारावीत या चुका टाळा

बडोद्यात अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवताना माझ्याकडे वर्षातून दोनदा पालक येतात. जूनमध्ये येणाऱ्यांना मुलाने विज्ञान शाखेत ए ग्रुप (गणितासह) घ्यावा की बी (जीवशास्त्रासह), हे विचारायचे असते. जानेवारीत येणाऱ्यांचा मुलगा किंवा मुलगी उत्तम गुणांनी बारावी होऊन कॉलेजात गेलेली असते आणि पहिल्याच सत्रात दोन विषयांत अडकलेली असते. या दुसऱ्या पालकांशी बोलताना जीव अधिक तुटतो. वाचणे, निवडणे, स्वतःची चूक शोधणे ही कामे दोन वर्षे त्या मुलासाठी कोणी ना कोणी करत होते आणि कॉलेजात ती करायला कोणी उरले नाही, हे बोलता बोलता उघड होते. मुलाला कॉलेजसाठी आणि नोकरी-व्यवसायासाठी तयार करणे म्हणजे ही कामे एकेक करून त्याच्या हाती सोपवणे, असे मी मानतो. खाली ज्या चुका सांगतो आहे, त्या बहुतेक सगळ्या हे सोपवणे लांबवल्याने होतात.

उत्तर तपासण्याचे काम शिक्षकाकडेच ठेवणे

ही चूक सर्वांत खोलवर रुजलेली आहे आणि तिच्यात आम्हा शिक्षकांचा वाटा मोठा आहे. एक साधे उदाहरण घ्या. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन ब्रेक लावल्यावर ३ मीटर प्रति सेकंद वर्ग या मंदनाने, म्हणजे वेग कमी होण्याच्या दराने, थांबते. तर ते किती अंतरावर थांबेल? वेग आधी १५ मीटर प्रति सेकंद असा करून घेतला, तर उत्तर ३७.५ मीटर येते. घाईत ५४ हाच आकडा सूत्रात घातला, तर ४८६ मीटर येते. चूक कोणाकडूनही होऊ शकते. मला काळजी वाटते ती ४८६ लिहून शांतपणे पुढच्या प्रश्नाकडे वळणाऱ्या मुलाची. रावपुऱ्याच्या रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या मुलाला, ब्रेक लावल्यावर गाडी अर्धा किलोमीटर घसरत जात नाही, हे माहीत असते. तरीही ते ज्ञान आणि वहीतले गणित यांची त्याच्या मनात गाठ पडत नाही, कारण उत्तर बरोबर आहे की नाही हे दुसरे कोणीतरी सांगणार, अशी त्याला सवय लागलेली असते. पुढे कारखान्यात, प्रयोगशाळेत किंवा हिशेबाच्या कामात उत्तरतालिका नसते, आणि आलेला आकडा संभवतो का हे ओळखणाऱ्या माणसालाच तिथे काम सोपवले जाते.

यावर मी जो उपाय करतो, तो म्हणजे चुकांची वही. प्रत्येक चाचणीनंतर विद्यार्थ्याने चुकलेला प्रश्न स्वतः पुन्हा सोडवायचा आणि शेजारी चुकीचे कारण लिहायचे: प्रश्न नीट वाचला नाही, संकल्पना समजली नव्हती, आकडेमोडीत चुकले, की वेळ अपुरा पडला. ‘सिली मिस्टेक’ हे कारण मी स्वीकारत नाही, कारण त्यातून पुढे काय करायचे ते कळत नाही. पहिले काही आठवडे मुले कंटाळतात, काही जण मित्राची वही पाहून कारणे लिहितात, आणि पालक विचारतात की एवढ्या वेळात आणखी वीस प्रश्न सोडवून झाले असते. परंतु दिवाळीपर्यंत मुलाला आपली चुकण्याची रीत ओळखू येऊ लागते. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटसारख्या परीक्षेत बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो. म्हणजे आपल्याला काय येत नाही हे प्रामाणिकपणे ओळखण्याला तिथेही मोल आहे.

प्रात्यक्षिकांना वेळेचा अपव्यय समजणे

डमी शाळेत, म्हणजे हजेरी फक्त कागदावर असलेल्या शाळेत, नाव घालून दोन वर्षे फक्त क्लासला जाणाऱ्या मुलांना व्हर्निअर कॅलिपर या बारीक मापे घेण्याच्या उपकरणावरचे बहुपर्यायी प्रश्न सोडवता येतात, पण ते उपकरण हातात दिले की शून्य त्रुटी, म्हणजे जबडे मिटलेले असताना ते शून्यच दाखवते का, हे आधी पाहायचे असते हे सुचत नाही. हे ज्या शहरात घडते, तिथे सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन उभे राहिले, हे आठवले की खंत वाटते. हाताने काम करत शिकण्यासाठी काढलेली ती संस्था आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखा आहे, आणि कलाभवन उभारणारे त्रिभुवनदास गज्जर पुढे १९०७ साली सुरू झालेल्या अलेम्बिक या औषध कंपनीच्या संस्थापकांतही होते. शिक्षण आणि उद्योग यांच्यातले अंतर या गावाने एकेकाळी इतके कमी केले होते. त्यामुळे शाळा निवडताना प्रयोगशाळा आठवड्यातून किती तास खरोखर उघडी असते, हे पालकांनी जरूर विचारावे.

गज्जरांचा आणखी एक आग्रह आपल्या घरांसाठी मोलाचा आहे: तंत्रशिक्षण मातृभाषेतून द्यावे. आपल्या मुलांची पुस्तके इंग्रजीत असतात, मित्रमंडळी गुजरातीत बोलतात आणि घरात मराठी असते. मग ‘आम्हाला इंग्रजी जमत नाही’ म्हणून आई-वडील अभ्यासाविषयी बोलणेच सोडून देतात. तसे करू नये. आज काय शिकलास ते मला मराठीत समजावून सांग, असे रोज दहा मिनिटे म्हणावे. ज्याला ते सांगता येत नाही, त्याचे शब्द पाठ झालेले असतात, विषय समजलेला नसतो. हे परीक्षेच्या कितीतरी आधी कळलेले बरे.

ग्रुप, गुण आणि फॉर्म यांतले गैरसमज

दहावीचे गुण चांगले आले म्हणून विज्ञान, आणि गणिताची भीती म्हणून बी ग्रुप, असा निर्णय अनेक घरांत एका संध्याकाळी होतो. बी ग्रुपमध्ये गणित नसल्यामुळे अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांची वाट बंद होते, फार्मसीची मात्र दोन्ही ग्रुपना खुली राहते, हे त्या संध्याकाळी कोणी बोलत नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो, ही वाटही हाताने काम करण्याची ओढ असलेल्या मुलासमोर मोकळेपणाने मांडावी. ती कमी प्रतीची आहे असा सूर लावू नये.

पर्सेंटाइल आणि टक्के यांची गल्लत तर दरवर्षी होते. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत, तर सुमारे ९० टक्के परीक्षार्थी तुमच्या बरोबरीने किंवा मागे आहेत. परीक्षेला १२ लाख विद्यार्थी बसले असे धरले, तर ९० पर्सेंटाइलच्या पुढे सुमारे १ लाख २० हजार जण असतात.

चॉइस फिलिंगमध्ये, म्हणजे प्रवेशासाठी कॉलेज आणि शाखांची पसंतीक्रमाने यादी भरताना, ‘मिळण्यासारखे’ कॉलेज वर घालायचे आणि मनापासून हवे असलेले खाली, ही चूक फार महाग पडते. गुणवत्ता क्रमानुसार होणाऱ्या वाटपात तुमच्या यादीतला वरचा पर्याय आधी तपासला जातो आणि तो मिळत नसेल तरच खालचा पाहिला जातो. म्हणून वर अवघड पर्याय घातल्याने खालच्या पर्यायाची संधी जात नाही. उलट सोपा पर्याय वर असेल तर तोच पदरात पडतो. माझ्या एका विद्यार्थिनीला तिच्या गुणांवर हवी ती शाखा मिळाली असती, पण फॉर्म काकांनी भरला होता आणि तिने यादी पाहिलीही नव्हती. तेव्हापासून मी सांगतो की माहितीपुस्तिका विद्यार्थ्याने स्वतः वाचावी, यादी स्वतःच्या हाताने कागदावर लिहावी आणि प्रत्येक पर्याय तिथेच का, हे घरच्यांना एका वाक्यात सांगावे. आई-वडिलांनी शंका जरूर काढाव्यात, दुरुस्ती मात्र मुलाकडूनच करून घ्यावी.

काम न पाहताच क्षेत्र निवडणे

बारावीची परीक्षा संपली की निकालापर्यंतचे आठवडे बहुधा रिकामे जातात. ओळखीच्या माणसाशी आधी बोलून विद्यार्थ्याने अर्धा दिवस मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात, औषधांच्या दुकानात, वकिलाच्या किंवा सनदी लेखापालाच्या कार्यालयात घालवावा. वेळ ठरवण्यासाठी फोन त्याने स्वतः करावा, वडिलांनी नव्हे. तिथल्या माणसाला त्याने तीन गोष्टी विचाराव्यात: तुमचा दिवसातला सर्वाधिक वेळ कशात जातो, या कामातले काय तुम्हाला कॉलेजात शिकवले गेले नव्हते, आणि नवीन माणूस पहिल्या वर्षी कोणत्या चुका करतो. घरी आल्यावर ही उत्तरे चुकांच्या वहीच्या शेवटच्या पानांवर तारखेसह लिहून ठेवावीत, म्हणजे चॉइस फिलिंगच्या वेळी ती समोर असतील.