कोजागिरीला मैत्रिणींचा कट्टा: दूध आटेपर्यंतच्या गप्पा

सहा जणी पुरे. आठच्या वर गेल्या की दोन घोळके होतात आणि जिचं काही बिनसलंय ती कोपऱ्यात मोबाइल बघत बसते.

सहा जणींना दोन लिटर म्हशीचं दूध घ्या, आटून दीड लिटरच्या आसपास उतरतं. शेगडी गच्चीवरच न्या. खाली आटवून वर आणलं तर आटवणारी गप्पांना मुकते, शिवाय हाताला काम असलं की माणूस मोकळं बोलतं. एकीला बदाम-पिस्ते (पंचवीस-पंचवीस ग्रॅम) कापायला द्या, एकीला वेलदोडे सोलायला. नजरेला नजर न देता सांगता येतं, म्हणून 'आमचं ठरतंय बहुतेक' हे वाक्य बहुधा सोलतानाच येतं.

पातेलं जाड बुडाचं हवं. उकळी आली की आच मंद करा, पाऊण तास तरी लागतो. दर दोन-तीन मिनिटांनी उलथन्याने तळ खरवडायचा. दूध लागतं ते हमखास गोष्ट रंगात आल्यावर, म्हणून ढवळण्याची पाळी लावा. लागलंच तर तळ अजिबात न खरवडता वरचं दूध दुसऱ्या पातेल्यात ओता. साखर (दहा मोठे चमचे) दूध आटल्यावरच घाला, आधी घातली तर ते लवकर तळाला धरतं. पंधरा-वीस केशरकाड्या आधीच कोमट दुधात भिजवा. वेलचीपूड एक लहान चमचा. जायफळ दोनदा किसणीवर फिरवलं की बास, जास्त झालं तर कडवट लागतं.

आता बोलण्याचं. 'मग, लग्नाचं काय?' हा प्रश्न पहिल्या तासात नको. तो मावश्या-काकवांनी वापरून बोथट केलाय. 'रविवारी काय करतेस गं हल्ली?' असं विचारा. नवीन कोणी असेल तर त्याचं नाव दोन मिनिटांत आपसूक येतं. नसेल तर भिशी, सासूबाईंचा गुडघा, ऑफिसातली भांडणं निघतात, तीही ऐकायचीच असतात. जिचं मोडलंय तिला 'बरं झालं, तसलाच होता तो' म्हणू नका. दिवाळीपर्यंत दोघं पुन्हा एकत्र आले तर पंचाईत तुमची. 'जेवतेस ना नीट?' एवढं पुरतं. फोटो बघायला मोबाइल हातात आला तर पुढचा फोटो सरकवू नये.

परदेशातलीला सामील करायचं तर घड्याळ बघा. पुण्यात रात्रीचे नऊ म्हणजे दुबईत साडेसात, न्यू जर्सीत सकाळचे साडेअकरा. सुट्टी नसेल तर तिकडची ऑफिसात असणार, नवऱ्याची तक्रार ती तिथून कशी करेल? तिला शनिवारी वेगळा फोन करा.

ग्रुप फोटो स्टेटसला टाकण्याआधी सगळ्यांना विचारा. एखादीने घरी वेगळंच काही सांगितलेलं असतं.

बारा वाजता चंद्र दुधात दिसला की पेले भरा. पातेल्याच्या कडेची खरवड मात्र ठेवा आणि ती काढायला इतका वेळ गप्प असलेलीला सोबत घ्या. बाकीच्या जिना उतरल्या की तिचं सुरू होतं, आणि पातेलं अर्धा तास तरी भिजवावं लागतंच.