चमचा दातांवर आपटू लागला की

माझ्या पत्नीला २०२१च्या दिवाळीनंतर पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिला सगळं कळतं, पण शब्द ओठांवर येत नाही. इंदूरला सुदामा नगरात आम्ही दोघंच राहतो. मुलगा पुण्याला, मुलगी भोपाळला. भरवणं, अंग पुसणं, डायपर बदलणं, दर दोन तासांनी कूस बदलून देणं, सगळं माझ्याकडे. ज्यांच्या घरी असं कुणी अंथरुणाला खिळलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. रुग्णाचं कसं करायचं ते डॉक्टर सांगतात. करणाऱ्याचं काय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

थकवा रोजचाच असतो. पाठ भरून येते, झोप तुटते, आणि एक रात्र सलग मिळाली की माणूस पुन्हा उभा राहतो. झोपूनही जो उतरत नाही तो थकवा वेगळा. मनाला तो लवकर कळत नाही, कारण मन सारखं "मला जमतंय" म्हणत असतं. माझ्या बाबतीत तो आधी हातांत दिसला.

एका संध्याकाळी तिला मऊ वरणभात भरवत होतो. आधीचा घास गिळून व्हायच्या आत मी पुढचा चमचा नेला. तो दातांवर टक्कन आपटला. तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. डाव्या हाताने तिने माझं मनगट धरलं आणि मी ते झटकून टाकलं. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिचा हात कधी झटकला नव्हता. ठसक्याचं भय तर वेगळंच. झटक्यानंतर गिळण्याची शक्ती कमी होते, घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून बसतं करून, छोट्या चमच्याने, गिळल्याची खात्री करून भरवायचं आणि नंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. मला हे तोंडपाठ होतं. हात ऐकत नव्हते.

तेव्हा आधी स्वतःचे हात बघा. कूस बदलताना एका हिसक्यात ओढता का? खालची चादर खसकन काढता का? त्या घासण्याने पाठीची कातडी सोलवटते आणि तिथेच पुढे जखम होते. केस विंचरताना गुंता तोडून काढता का? आठवड्यातून दोन-तीनदा असं होऊ लागलं, तर तुम्हाला विश्रांती हवी आहे आणि ती लगेच हवी आहे.

बाकीच्या खुणा मागे वळून पाहताना दिसल्या. तिच्या गोळ्या मिनिटाला मिनिट देत होतो. माझी ब्लडप्रेशरची गोळी चार-चार दिवस राहून जायची. मुलीचा फोन वाजला की कपाळाला आठी. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, निघून गेली आणि मला ते दुसऱ्या दिवशी पेपर पाहून कळलं. लहानपणापासून गेर चुकवली नव्हती मी. आणि एक विचार: "सुटली तर बरं." तो आला की दिवसभर स्वतःची किळस यायची. हा विचार आपल्याला आला म्हणून आपण वाईट ठरत नाही. पुष्कळांना येतो, बोलत कुणी नाही. पण रुग्णावर हात उगारला गेला, किंवा स्वतःचा जीव नकोसा वाटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा घरच्या कुणाला सांगा. सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि विनामूल्य आहे.

डॉक्टरांकडे गेलात तर झारिट प्रश्नावलीबद्दल विचारा. काळजी घेणाऱ्यावर किती भार आहे ते मोजायला ती वापरतात. २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण. मला तिचा फायदा असा झाला की रुग्णाजवळ असताना राग येतो का, हे कुणीतरी छापील कागदावर विचारलं होतं. "हो" म्हणायला धीर आला.

आता उपाय. शेजारीपाजारी सगळेच म्हणतात, "भाई साहब, कोई काम हो तो बताना." मी दोन वर्षं हात जोडून "जी, जरूर" म्हणत राहिलो. ते मनापासून म्हणत होते. काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मी सांगत नव्हतो. मदत मागायची तर वार आणि वेळ सांगून मागा. समोरच्या भाभीजींना म्हटलं, "गुरुवारी चार ते सहा हिच्याजवळ बसाल का? करायचं काही नाही, नुसतं बसायचं." त्या लगेच हो म्हणाल्या. मुलाला सांगितलं, दर तीन महिन्यांनी चार दिवस तू यायचं, तारखा आजच ठरव, गाडीचं आरक्षण आजच कर. मुलगी पैसे पाठवू का विचारायची, मी नको म्हणायचो. ती चूक होती. आता तिच्या पैशांतून आठवड्यातल्या दोन रात्री बाई येते. त्या दोन रात्री मी दुसऱ्या खोलीत दार लावून झोपतो. दार लावणं महत्त्वाचं, नाहीतर कान तिकडेच राहतात.

एकट्याने उचलू नका. अंगाखाली आडवी दुमडलेली चादर ठेवा आणि दोघांनी दोन्ही कडांना धरून सरकवा. स्वतःची गोळी रुग्णाच्या डब्यातच ठेवा, म्हणजे राहणार नाही.

आणि जो बसणार त्याच्यासाठी एक कागद लिहा. आमच्या फ्रिजवर आहे: पाणी चमच्याने, बसवूनच. डाव्या हाताने पोटाकडे दाखवलं तर डायपर. डोळे मिटून मान हलवली तर रेडिओ बंद करायचा. फोन कुणाला, कोणत्या क्रमाने. हा कागद लिहायला मला तीन दिवस लागले, कारण हे सगळं फक्त माझ्या डोक्यात होतं, आणि ते तिथेच होतं तोवर मला घराबाहेर पडता येणार नव्हतं.

पहिल्या गुरुवारी मी अन्नपूर्णा मंदिरापर्यंत गेलो आणि वीस मिनिटांत परत आलो. भाभीजी भाजी निवडत बसल्या होत्या, ही झोपली होती. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं आणि मला पुन्हा बाहेर पाठवलं.