शेकर पद्धतीचा सफरचंद-सॉस

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागात, शेकर या ख्रिस्ती पंथाच्या वस्त्यांत सफरचंदं सोलायला हाताने फिरवायचं यंत्र असे. फळ काट्यावर खोचायचं, दांडा फिरवायचा, स्प्रिंगने दाबलेलं पातं साल उतरवतं. फळ नेमकं मधोमध खोचा, नाहीतर एका बाजूची साल तशीच राहते. मऊ फळ काट्यावर नुसतंच गरगरतं, टणकच घ्या.

५ लिटर ताजा, न आंबलेला सफरचंदाचा रस रुंद स्टीलच्या भांड्यात आटवून १ लिटर करा. लोखंडी कढई नको, आम्लाने रस काळवंडतो. शेवटच्या टप्प्यात आच अगदी मंद ठेवा आणि भांड्यापासून हलू नका. करपल्याचा कडवटपणा जात नाही. सोललेल्या सफरचंदांच्या वाळवलेल्या २५० ग्रॅम फोडी रात्रभर भिजवून, निथळून या आटवलेल्या रसात मंद शिजवा. साखर लागतच नाही. सारखं ढवळू नका, फोडी मोडतात.