झुकत्या फांद्यांचा डॉगवुड अंगणात लावताना

अमेरिकेच्या पूर्व भागातील जंगलांत ओकसारख्या उंच वृक्षांच्या छायेत वाढणारा फुलांचा डॉगवुड (कॉर्नस फ्लोरिडा) हा व्हर्जिनियाचा राज्यवृक्ष आहे. त्याच्या ‘पेंड्युला’ या प्रकारात फांद्या जमिनीकडे झुकतात. न्यू जर्सी किंवा व्हर्जिनियात अंगण असलेल्या मराठी कुटुंबांनी तो अवश्य लावावा. या झाडाला थंड हिवाळा लागत असल्यामुळे महाराष्ट्राच्या मैदानी भागात मात्र त्याचा आग्रह धरू नये. वसंतात पाकळ्यांसारखी दिसणारी चार पांढरी पाने म्हणजे, बोगनवेलीप्रमाणेच, छदे (फुलांखालची रूपांतरित पाने) असतात. खरी फुले मधोमध बारीक आणि हिरवट-पिवळी असतात.

सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा निवडावी. माती किंचित आम्ल (सामू, म्हणजे पीएच, ५.५ ते ६.५), सेंद्रिय द्रव्यांनी युक्त आणि पाण्याचा निचरा होणारी असावी. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट ते तिप्पट रुंद खणावा, पण गोळ्याच्या उंचीपेक्षा खोल खणू नये, कारण बुंध्याचा मुळांकडे रुंदावणारा भाग मातीखाली गाडला गेला की झाड हळूहळू खंगत जाते.

या झाडाची मुळे उथळ असतात, म्हणून बुंध्याभोवती गवत न ठेवता दोन ते तीन इंच जाडीचे पालापाचोळ्याचे किंवा सालीच्या तुकड्यांचे आच्छादन पसरावे. ते खोडाला मात्र टेकू देऊ नये. माझ्या मते संपूर्ण निगराणीत यापेक्षा महत्त्वाचे काही नाही. आच्छादनामुळे ओल टिकते, शिवाय गवत कापण्याचे यंत्र खोडापासून दूर राहते. साल एकदा फाटली की त्या जखमेतून खोडकिडा आत शिरतो आणि झाड वाचवणे कठीण होते.

पावसाअभावी आठवड्याला सुमारे एक इंच पाणी द्यावे, तेही बुंध्याशी. पाने सतत ओली राहिली, तर थंड व दमट हवेत अँथ्रॅक्नोज हा बुरशीजन्य रोग बळावतो. रोगट पाने व वाळलेल्या डहाळ्या काढून टाकाव्यात.

उंची हवी असल्यास मुख्य शेंड्याला सुरुवातीची काही वर्षे काठीचा आधार द्यावा. रोप कलमी असेल, तर सांध्याखालून येणारे सरळ फुटवे तळापासून काढावेत, अन्यथा तेच झाडाचा ताबा घेतात. छाटणी फुलोरा संपताच करावी, कारण पुढील वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात. शरदात पाने लालसर-जांभळी होतात आणि तांबडी फळे पिकतात. ती पक्ष्यांसाठी राहू द्यावीत, मुलांना मात्र खाऊ देऊ नयेत.