सेकंडहँड कॅनन ७०-२०० लेन्स घेताय? आधी पिढी ओळखा

जाहिरातीत सगळे एकच लिहितात, "७०-२०० टू पॉइंट एट, मिंट कंडिशन" (७० ते २०० मिमी झूम, अपर्चर म्हणजे प्रकाश आत घेणारी उघडझाप एफ/२.८ पर्यंत उघडणारी), खाली पांढऱ्या लेन्सचा लांबून काढलेला एक फोटो, आणि नेमकी कुठली ते विचारलं की समोरच्यालाही धड माहीत नसतं. म्हणून भाव विचारायच्या आधी स्विचच्या बाजूचा क्लोजअप मागवा. निम्मं काम तिथेच होतं.

लेन्स काळी असेल आणि ८०-२०० लिहिलं असेल तर ती १९८९ ची, या घराण्यातली सगळ्यात जुनी. काच अजूनही मस्त आहे पण यूएसएम (झटपट, शांत फोकस करणारी) मोटर नाही, कॅननचा एक्स्टेंडर (लेन्सची पोच वाढवणारा मधला जोड) बसत नाही, आणि मोटर गेली की पार्ट शोधत फिरा. हौस म्हणून घ्या, कामाला नको.

पांढरी आणि दोनच स्विच म्हणजे १९९५ ची बिगर-आयएस (आयएस म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर), हिच्या फोकस लिमिटरवर, म्हणजे किती जवळपर्यंत फोकस शोधायचा ते ठरवणाऱ्या स्विचवर, १.५ मीटर लिहिलेलं असतं. चार स्विच दिसले तर आयएस आहे, मग लिमिटरवरचा आकडा झूम करून वाचा: १.४ असेल तर २००१ ची पहिली आयएस, १.२ असेल तर २०१० ची मार्क टू किंवा २०१८ ची मार्क थ्री, आणि या दोघींतला फरक नावातल्या रोमन आकड्यावरून कळतो. हूडवरचा (लेन्सच्या पुढे लावायच्या टोपणासारख्या नळीवरचा) नंबरही बघा, बिगर-आयएसला ईटी-८३ टू, पहिल्या आयएसला ईटी-८६, मार्क टू आणि थ्रीला ईटी-८७. पण हूड लोक हरवतात, दुसरा लावतात, त्यामुळे नुसत्या हूडवर जाऊ नका. आणि हो, पुढचा फिल्टर ७७ मिमीचा पाहिजे, ६७ किंवा ७२ निघाला तर ती एफ/४ वाली, म्हणजे कमी प्रकाश घेणारी आहे, गोड बोलून टू पॉइंट एटच्या भावात गळ्यात मारतायत.

आता वय. पिढी जुनी म्हणजे तुमच्या हातातला पीस जुना असं नाही, १९९५ चं डिझाइन मार्क टू आल्यावरही नवं कोरं विकलं जात होतं. साधारण २०११ पर्यंतच्या लेन्सला मागे माउंटच्या आतल्या काळ्या भागावर छोटा कोड छापलेला असतो, टॉर्च मारून वाचा. समजा यूआर०९०५ आहे, तर यू म्हणजे उत्सुनोमिया कारखाना, दुसरं अक्षर वर्षाचं, १९८६ ला ए धरून पुढे मोजत या म्हणजे आर येतं २००३ ला, आणि पुढचे दोन आकडे महिन्याचे, म्हणजे सप्टेंबर. विकणारा "चारच वर्षं वापरलीय" म्हणत असेल तर हा कोड त्याला प्रेमाने वाचून दाखवा.

घ्यायची कुठली? माझं मत सरळ आहे, बजेट असेल तर मार्क टू. खरी उडी तिथेच आहे: एक फ्लोराइट आणि पाच यूडी एलिमेंट (कडांवरचे रंग कमी करणाऱ्या खास काचा), स्टॅबिलायझर चार स्टॉपचा (शटर सोळापट हळू ठेवलं तरी सांभाळणारा), आणि २०० ला पूर्ण उघड्या अपर्चरला पहिली आयएस जी मऊ पडते ती तक्रारच उरत नाही. मार्क थ्रीमध्ये आतलं ऑप्टिकल डिझाइन तेच, फक्त समोरच्या दिव्यांची चमक कमी करणारं नवीन कोटिंग आणि रंग जरा जास्त पांढरा, तेवढ्यासाठी जास्त पैसे मी तरी देणार नाही, दिवे तोंडावर येणारे स्टेज शो रोज करत असाल तर गोष्ट वेगळी. बजेट कमी असेल तर मात्र पहिल्या आयएसपेक्षा १९९५ वाली बघा, लोक उगाच नाकं मुरडतात. कबड्डी, क्रिकेट शूट करणाऱ्याला शटर तसंही १/१००० च्या आसपास ठेवावं लागतं, पळणारा खेळाडू स्टॅबिलायझरने थांबत नाही. लग्नाच्या अंधाऱ्या हॉलमध्ये आयएस हवाच.

हातात आल्यावर दोन्ही झाकणं काढा, मोबाईलचा टॉर्च मागून तिरका मारा आणि पुढून आत बघा. धुळीचे कण चालतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर फंगस, परत द्या. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला हे जास्त होतं. मग बॉडीला लावून २०० ला शटर १/३० ठेवा, बटण अर्धं दाबा, हलकी घरघर येऊन चित्र स्थिर व्हायला पाहिजे, घरघर नॉर्मल आहे पण चित्र उड्या मारत असेल तर स्टॅबिलायझर गेलाय. जवळचं-लांबचं आलटून पालटून फोकस करा, मोटर किंचाळली किंवा अडखळली तर भाव पाडा नाहीतर सोडा. आयएसवाली जुनी असेल तर पैसे द्यायच्या आधी सर्व्हिस सेंटरला पार्टबद्दल एक फोन टाका.

मिररलेसवाल्यांनी (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा वापरणाऱ्यांनी) घाबरू नये, ईएफ-ईओएस आर अडॅप्टरवर (जुन्या ईएफ लेन्स नव्या बॉडीला जोडणाऱ्या) या पांढऱ्या लेन्स व्यवस्थित चालतात, आणि फोकस थेट सेन्सरवरच होत असल्याने मायक्रो अ‍ॅडजस्टमेंटची, म्हणजे लेन्स-बॉडीचा फोकस जुळवत बसायची कटकटही नाही. आरएफची, म्हणजे मिररलेससाठीच बनवलेली, २०१९ वाली ७०-२०० हलकी आहे, ट्रायपॉड कॉलर सोडून १०७० ग्रॅम, बॅगेत छान बसते, पण झूम केली की बाहेर येते आणि एक्स्टेंडर घेत नाही, २०२४ च्या आरएफ 'झेड' मॉडेलमध्ये या दोन्ही गोष्टी सुधारल्या. पक्षी काढायचे असतील, २x लावून ४०० पर्यंत जायचं असेल, तर २०१९ ची आरएफ घेण्यापेक्षा अडॅप्टर आणि मार्क टू बरी.