शाळेत नेट नसलं तरी विकिपीडिया उघडतो

गावच्या शाळेत संगणक आहेत, पण नेट कधी असतं कधी नसतं. अशा ठिकाणी 'किविक्स' (Kiwix) हे मोफत सॉफ्टवेअर टाकून बघा. विकिपीडिया, विकिस्रोत (मोफत पुस्तकांचा संग्रह), शिवाय 'फेट'चे (PhET) पडद्यावर करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग, सगळं यात आधीच उतरवून ठेवता येतं. प्रत्येक संग्रह म्हणजे एकच 'झिम' फाइल.

उतरवताना नाव नीट वाचा. 'मॅक्सी' म्हणजे चित्रांसह सगळं, 'नोपिक' चित्रांविना, 'मिनी'त लेखाची फक्त सुरुवात. पूर्ण इंग्रजी विकिपीडिया शंभर जीबीच्या आसपास जातो, त्याच्या मागे लागू नका. मराठीचा त्यापुढे अगदीच छोटा. प्रयोगांची फाइल मात्र घ्याच, मुलं तिथेच रमतात.

पेनड्राइव्हवर मोठी फाइल कॉपी होत नसेल, तर तो बहुधा 'फॅट३२' (FAT32) या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. आतला डेटा दुसरीकडे काढून 'एक्सफॅट' (exFAT) पद्धतीने फॉरमॅट करा.

प्रत्येक संगणकावर कॉपी करत बसायचीही गरज नाही. एकावर किविक्सचा लोकल सर्व्हर सुरू करायचा, तो दाखवेल तो पत्ता त्याच वायफायवरच्या इतर संगणकांच्या ब्राउझरमध्ये टाकायचा. राउटर लागतो, नेटचं कनेक्शन नाही. नवी आवृत्ती अधूनमधून उतरवून घ्या.