दुबईचा मुलगा, मस्कतची नणंद आणि फोनचा खर्च

आमच्या घरची तीन माणसं परदेशात आहेत. मुलगा दुबईला, नणंद मस्कतला आणि पुतणी इंग्लंडात स्विंडनला. गोव्यात साखळी गावच्या घरी मी, आमचे हे आणि ८३ वर्षांच्या सासूबाई. गोव्यात अशी घरं काही कमी नाहीत. वाड्यावर फिरलं तर कोणाचा मुलगा आखातात, कोणाचा बोटीवर. फोनवर किती पैसे उगाच जातात हे कळलं तेव्हा मला फार हळहळ वाटली, म्हणून आम्ही घरात बसवलेली पद्धत सांगते.

आपल्या मोबाइलवरून परदेशी नंबर थेट लावायचा नाही, हे आधी ठरवून टाका. रिचार्जमधले अमर्याद कॉल असतात ते भारतातल्या भारतात. ९७१ (दुबईचा कोड) किंवा ४४ (इंग्लंडचा) ने सुरू होणारा नंबर लावला की मिनिटागणिक वेगळे पैसे कापतात, आणि हिशेब पूर्ण मिनिटाचा असेल तर १ मिनिट ५ सेकंदांना २ मिनिटांचे. उलट तिकडून आलेला फोन आपण घरी बसून घेतला तर आपल्याला काहीच पडत नाही. म्हणून साधा फोन करणं भागच असेल तर दोन्हीकडचे दर विचारून घ्यावेत आणि ज्याला स्वस्त पडतं त्याने लावावा.

एरवी सगळं बोलणं इंटरनेटवरून. इथे मात्र देशादेशांत फरक आहे. स्विंडनला किंवा कुवेतला व्हॉट्सॲप कॉल सरळ लागतो. दुबईला लागत नाही. मेसेज जातो, फोटो जातो, आवाज रेकॉर्ड करून पाठवला तर तोही पोचतो, पण कॉल तिथल्या सरकारने बंद ठेवला आहे. मुलगा गेला तेव्हा पहिला आठवडाभर आम्हाला वाटलं की आमचंच वाय-फाय बिघडलंय. ह्यांनी दोनदा राउटर बंद करून चालू केला.

तिथे परवानगी असलेली ॲप आहेत: बॉटिम, झूम, गूगल मीट. बॉटिम घ्यायचं तर ते दोन्हीकडे लागतं. आम्ही मीटवर आलो, कारण एकदा केलेली लिंक पुन्हा पुन्हा चालते. ती मी घरच्या ग्रुपवर वरती पिन करून ठेवलीय. तिच्यावर बोट ठेवलं की झालं. मस्कतलाही व्हॉट्सॲप कॉल लागत नाही, त्यामुळे नणंदही तिथेच येते. फुकटच्या मीटवर तिघं किंवा जास्त जण असले की एका तासाची मर्यादा असते, दोघांना ती अडचण नाही. कोणी तुमच्या मुलाला व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या देशातून चाललंय असं भासवणारी सोय) लावून व्हॉट्सॲप कॉल कर म्हणून सुचवलं तर त्याला कळकळीने अडवा. बंदी चुकवायला व्हीपीएन वापरणं दुबईत गुन्हा आहे, आणि दंडाची सुरुवातच पाच लाख दिरहमपासून होते.

वेळ ठरवून घेतली की अर्धं काम होतं, नाहीतर एकमेकांना शोधत सगळे साधे फोन लावत बसतात. दुबईत २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार आहे, मस्कतला शुक्रवार-शनिवार, इंग्लंडात शनिवार-रविवार. तिघांना जुळणारा वार एकच, शनिवार. आपल्या रात्री साडेआठला दुबई-मस्कतला सात वाजलेले असतात. इंग्लंडात उन्हाळ्यात चार, हिवाळ्यात तीन. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ बदलतात, तेवढं लक्षात ठेवावं.

आता सासूबाई. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी थोडा वेळ काढाच. व्हिडिओ लावून दिला तरी त्या फोन कानालाच धरायच्या आणि पलीकडे नातवाला नुसती कानातली कुडी दिसायची. आता मी स्पीकर लावून फोन तांब्याला टेकवून ठेवते आणि त्यांना समोर बसवते.

त्यांचा स्वतःचा फोन साधा, बटणांचा. एका दुपारी त्यावर कुठल्याशा परदेशी नंबरवरून एक रिंग वाजली आणि बंद झाली. त्यांना वाटलं नातू. त्यांनी उलट फोन लावला, पलीकडे कसलं तरी संगीत वाजत राहिलं, त्या थांबून राहिल्या. १८० रुपये गेले. पैशांपेक्षा त्या दोन दिवस स्वतःला बोल लावत होत्या, ते मला जास्त लागलं. ही फसवणुकीची जुनी रीत आहे. दुसऱ्या दिवशी कंपनीला सांगून त्या नंबरवरची आयएसडी, म्हणजे परदेशी फोन लावायची, सेवा बंद करून घेतली. बाहेरून येणारे फोन येतातच, फक्त इथून लागत नाहीत. तुमच्या घरी असा फोन असेल तर हे आजच करा.

पावसाळ्यात वीज गेली की वाय-फाय जातं आणि मोबाइलचा डेटा वापरावा लागतो. तेव्हा व्हिडिओ बंद करून नुसतं बोलावं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘कॉलसाठी कमी डेटा’ असा पर्याय आहे, तो चालू ठेवावा. आणि घाईचं नसेल ते रेकॉर्ड करून पाठवावं. सासूबाईंनी खतखत्याची, म्हणजे आमच्याकडच्या मिश्र भाजीची, कृती सात मिनिटं सांगितली, तिरफळं ठेचून शेवटी घालायची हे दोनदा बजावलं. मुलगा ती दुबईच्या स्वयंपाकघरात थांबवून थांबवून ऐकतो.

तिकडे फिरायला जाणार असाल तर इथल्या सिमचं डेटा रोमिंग बंद करून जा. रोमिंगवर आलेला फोन उचलला तरी पैसे लागतात.

गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मीट लावून मी फोन माटोळीखालून, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगलेल्या चौकटीखालून, हळूहळू फिरवला. आंबाडे, चिबूड, सुपारीचा घड, सगळं नीट दाखवलं. आरती अर्धी झाली आणि तास संपला. पुन्हा तीच लिंक लावली, एका मिनिटात तिघंही परत आले, आणि ह्यांनी आरती पहिल्यापासून धरली.